दाद्याचा आवाज किती टक्के?

प्रिय बंड्या,

चार महिने तुला फोन नाही, तुझे दोन मिस्ड कॉल तसेच पडलेत, काय शिव्या घालायच्या त्या घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत ठीक, शुगर गोळ्यांवर, गुडघा पावसाळ्यात बोलतो. बास.

दाद्याची कॅसेट सापडली रे. ९५ च्या गणपतीतली, लाइट गेल्यावर तुमच्या टू-इन-वनमध्ये मोठे सेल घालून केलेली. २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतल्या झाडून सगळ्या कॅसेटी वाशिष्ठीनं नेल्या, मी धरूनच चाललो होतो की हीपण गेली. परवा माळ्यावरून मखराचं सामान काढताना झांजांच्या पिशवीत निघाली. कव्हरवर तुझ्या कोंबडीच्या अक्षरात 'भजन, पुसू नये'. आणि पुसली कोणी? मी मुद्दाम मागच्या दोन्ही टोप्या मोडल्या होत्या, म्हणजे वर पुन्हा रेकॉर्ड होत नाही, तर तू बी साइडच्या खाचेवर सेलोटेप चिकटवून टीव्हीपुढे टेप ठेवलास आणि बंगलोरची भारत-पाकिस्तान मॅच भरलीस, ९ मार्च ९६. प्रसादनं सोहेलची दांडी उडवली तिथे कॉमेंट्री ऐकूच येत नाही, तूच बोंबलतोयस. अर्धं भजन गेलं त्यात. असो, ते भांडण फोनवर.

आधी मी शहाणपणा करून एका दुकानात दिली. त्यानं दोन दिवसांत पेनड्राइव्हवर एमपीथ्री करून दिली, खरखर काढतो म्हणून जे काय सॉफ्टवेअर फिरवलंन त्यात दाद्या विहिरीच्या तळातून गातोय, आणि टाळ तर गायबच. पैसे घेतलेन वर. मग म्हटलं आपणच करू. भाच्याकडून जुना डेक आणला, लॅपटॉपवर ऑडॅसिटी हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, ते फुकट आहे. कॅसेट उघडली तर आतला फेल्टचा पॅड, तो टेपला हेडवर दाबून धरतो तो, गळून पडलेला, आणि गुंडाळीच्या कडेला पांढरी बुरशी. कोकणात अजून काय असणार. एका स्क्रूवाल्या कॅसेटचं पोट रिकामं करून आपली टेप त्यात बसवली, चिमट्यानं, श्वास रोखून. बायको म्हणाली, माझ्या आजारपणात एवढा हळुवार नव्हतास.

आता गंमत ऐक. पहिल्यांदा लावली तेव्हा आवाज गोधडीतून आल्यासारखा. म्हटलं टेपच मेली. हेडशेजारी एक बारका स्क्रू असतो, त्यानं हेड किंचित कलतं. ज्या टेपरेकॉर्डरवर रेकॉर्ड केलं त्याचं हेड आणि या डेकचं हेड एका रेषेत नसलं की वरचे बारीक आवाज मरतात. स्क्रू पाव आटा फिरवला आणि बंड्या, टाळ असे कडक वाजले की मी हात मागेच घेतला. तुमच्या पडवीतच बसलोय असं वाटलं. शेजारच्या म्हातारीचा खोकलासुद्धा आला.

पण घोळ पुढेच आहे. सेल उतरत गेले होते. रेकॉर्ड करताना टेप हळूहळू मंद होत गेला, म्हणजे आता नीट स्पीडला लावली की उलटं होतं, सगळं पळायला लागतं आणि चढतं. पेटीच्या काळी एकमध्ये सुरू झालेलं भजन संपता संपता पांढरी दोनमध्ये, म्हणजे अर्धा सूर वर! तेवढ्याचा उपाय झाला. काकूंकडे ती पेटी अजून आहे, जाऊन मोबाइलवर तिचा सा घेतला आणि सुराला सूर लावून फाइल हळूहळू मंद करत नेली. अर्धा सूर म्हणजे साधारण ६ टक्के. भजन बसलं.

भजनानंतर मात्र पेटी बंद. पुढे चार मिनिटं नुसता दाद्या बोलतोय. सेल अजून उतरतायत आणि मोजायला काहीच नाही. लाइटवर रेकॉर्ड केलेलं असतं तर विजेची ठरलेली ५० हर्ट्झची घरघर तरी मोजायला सापडली असती, तीही नाही. ६ टक्के मंद केलं की अजून कोवळा वाटतो, १२ केलं की थेट त्याचे वडील बोलतायत. मध्ये ९ ठेवलं, ते बरं वाटतं, पण बरं वाटतं म्हणजे काय रे? मी रात्री दोनपर्यंत पुढे-मागे करत बसलो आणि मला एकदम कळलं की मला त्याचा आवाज आठवतच नाहीये. हसणं आठवतं, 'ए शाण्या' म्हणायचा ते आठवतं, पण किती जाड, किती बारीक, काही नाही. जेवढं ऐकतोय तेवढं तेच खरं वाटायला लागतंय. म्हणून थांबलो. आता हात लावत नाही.

काय बोलतोय विचारशील, तर फालतू. पातोळ्या किती उरल्या, पेट्रोमॅक्स कोण घेऊन जाणार. आणि एक, 'बंड्यानं मेंटल फोडलं, नाव मात्र त्याचं सांगतोय.' मेंटल म्हणजे पेट्रोमॅक्समधली जाळी, आणि त्याचं म्हणजे माझं! इतकी वर्षं तुझ्या आईच्या शिव्या मी खाल्ल्या. पुरावा आहे आता, मूळ वेव्ह फाइल दोन डिस्कवर ठेवलीये, पुसायला येऊ नकोस.

तुझ्या पोरीच्या ॲडमिशनचं झालं का? फ्लॅटचा ताबा मिळाला म्हणे, फोटो नाही पाठवलेस. वहिनींना नमस्कार.

तुझं काम असं. 'अ', 'ब', 'क' तीन फाइली आहेत. कुठली किती टक्क्यांची ते मुद्दाम लिहिलं नाही. मेलवर २५ एमबीच्या वर जात नाही म्हणून ड्राइव्हची लिंक खाली देतोय. व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे ढकलू नकोस, तिथे आवाज पिळून निघू शकतो. हेडफोन लावून, एकटा असताना, एकेकदाच ऐक, पुन्हापुन्हा नको, नाहीतर माझ्यासारखं होईल. मग नुसतं एक अक्षर पाठव.

काकू रोज विचारतात, झालं का रे. अजून ऐकवलं नाही त्यांना. चुकीचा दाद्या कसा ऐकवू?

तुझा,
शाण्या