बाहीवरच्या शिटेबद्दल, ताई, आभार

ताई,

स. न. वि. वि.

पोपटाला ठरलेल्या जागी शिटायला शिकवायला तुम्ही घरी आलात, पण आभार मानायचे आहेत ते त्या अर्ध्या मिनिटाचे. पोपट खांद्यावर बसला, शेपटी उचलून एक पाऊल मागे सरकला, थोडा खाली दबला आणि तुमच्या बाहीवर शिटला. घरच्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्ही मात्र ना ‘शी’ म्हणालात, ना खांदा झटकलात. पांढरा ओघळ कोपरापर्यंत आला, पोपट निवांत पिसं साफ करायला लागला, तेव्हा कुठे तुम्ही ओला कापूस मागितलात.

पोपटाला आरडाओरडा म्हणजे शिक्षा वाटत नाही, तमाशा वाटतो. माणूस किंचाळलं की त्याची करमणूक होते आणि पुढच्या वेळी तो मुद्दाम तिथेच येतो. हे तुम्ही बोलून दाखवलं असतंत तर कानाआड गेलं असतं. शिवाय घरातल्या कुणालाच लाजवलं नाहीत. इतका साधा चांगुलपणाही हल्ली दुर्मीळ झालाय.

याआधीच्या जाणकारांचे सल्ले काय वर्णावेत! चोचीवर टिचकी मारा म्हणे. दुसरे म्हणाले, चुकला की पिंजऱ्यावर कापड टाका. सगळ्यात घातक सल्ला तिसऱ्यांचा: आपण ठरलेला शब्द म्हटल्याशिवाय त्याला शिटूच द्यायचं नाही. असा पक्षी माणूस घरात नसला तरी रोखून धरतो, मग जोर करतो आणि शिटण्याच्या जागेचा आतला भाग बाहेर येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. काकाकुवांना तर हा त्रास मुळातच जास्त.

शिकवायची ती जागा, रोखणं नव्हे. तुमच्या या एका वाक्याने घोळ मिटला. बजरी (छोटा पोपट) दर 10-15 मिनिटांनी शिटतो, मोठ्या पोपटाला अर्धा-पाऊण तासही चालतो. वेळा दोन दिवस वहीत लिहिल्या की अंदाज येतो. सकाळची पहिली शीट सर्वांत मोठी आणि हमखास, म्हणून सुरुवात तिथून. पिंजऱ्यातून काढून थेट कागदावरच्या दांडीवर बसवायचं आणि गप्प थांबायचं. शीट पडत असतानाच ‘झालं’ म्हणायचं, 2 सेकंदांच्या आत सूर्यफुलाच्या बीचा तुकडा द्यायचा. खरं बक्षीस मात्र त्यानंतरचं मोकळं फिरणं. शिटल्याबरोबर पिंजऱ्यात परत ठेवलं, तर खेळ संपू नये म्हणून तो धरून ठेवायला शिकतो. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

कागद साधा पांढरा हवा, हेही तुमचंच. त्यावर तीन गोष्टी वेगळ्या दिसतात: हिरवट वेटोळं, पांढरा भाग आणि भोवतीचं पाणी. फळ खाल्ल्यावर पाणी वाढलं तर चिंता नाही. पांढऱ्या भागात पिवळी किंवा हिरवी झाक आली, की शिकवणी बाजूला आणि आधी पक्ष्यांचा डॉक्टर. मादी अंड्यावर आली, की ती बराच वेळ धरून एकदम मोठी शीट टाकते. तिला तेव्हा ‘विसरली’ म्हणून दटावण्यात अर्थ नाही.

एक पाहिलं, विचारायचं राहून गेलं होतं. कापूस येईपर्यंत बाहीवरचा डाग वाळला होता, तरी तुम्ही नखाने खरवडला नाहीत, आधी भिजवलात. वाळक्या शिटेची धूळ श्वासातून जाते आणि आजार देऊ शकते, हे आता कळलंय. दांडीखालचा कागदही आता भिजवूनच उचलला जातो.

आपला,
एका पोपटाचा पालक