वीस-पन्नास घालून स्पितीला?

संपादक महोदय,

आमच्या आळीतली तिघं पोरं जानेवारीत गाडी घेऊन हिमाचलातल्या स्पितीला निघालीत. मनालीकडून कुंझुमची खिंड बर्फाने बंद, म्हणून शिमला-किन्नौरवरून काझा, म्हणजे स्पितीचं मुख्य गाव. परवा दारात गाडी उभी करून म्हणाली, "काका, सर्व्हिसिंग झालं. वीस-पन्नास ऑइल टाकलंय, एकदम जाड!" मी कपाळाला हात लावला.

मी फौजेत ड्रायव्हर होतो. द्रासच्या हिवाळ्यात रात्री दोन-दोन तासांनी उठून शक्तिमान ट्रक चालू करायचे, ही आमची ड्यूटी. एखादी पाळी चुकली की सकाळी ऑइल काकवीसारखं थिजलेलं. स्टार्टर नुसता कण्हायचा आणि बॅटरी बसायची. मग चेंबरखाली शेगडी ठेवून ते पातळ करत बसा.

डब्यावर २०डब्ल्यू-५० असं लिहिलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीचा, दुसरा इंजिन तापल्यावरचा. आपले लोक दुसराच तेवढा वाचतात. गारठ्यात इंजिन फिरेल इतकं तेल पातळ राहतं का, हे २०डब्ल्यूचं उणे १५ अंशांवर तपासतात, १५डब्ल्यूचं उणे २० वर, ५डब्ल्यूचं उणे ३० वर. काझात जानेवारीच्या रात्री पारा उणे वीसच्याही खाली जातो. समजा इंजिन लागलंच, तरी इंजिनाच्या वरच्या टोकाला, कॅमपर्यंत, तेल चढेस्तोवर लोखंडावर लोखंड घासतं. ती झीज त्या दिवशी दिसत नाही, दोन वर्षांनी दिसते.

पण म्हणून इकडच्या थंडीत कुणी ऑइल बदलायची घाई करू नये. निफाडला पारा पाचवर आला की आपल्या अंकात शेकोटीचा फोटो येतो. १५डब्ल्यू-४० ला त्या थंडीचं काहीच वाटत नाही. 'खास हिवाळ्याचं' म्हणून कुणी महाग डबा गळ्यात मारू लागला, तर गाडीचं पुस्तक त्याच्यापुढे धरा.

बुलेटवाल्यांनी मात्र मोटारीचं पातळ ऑइल ओतू नये. तिचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो, तो घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-२' ही अशा क्लचला चालणाऱ्या तेलाची खूण बघून घ्या.

पोरांनी शेवटी पुस्तक उघडलं. कंपनीने ५डब्ल्यू-३० सांगितलेलं होतं. काढलेलं वीस-पन्नास माझ्याकडे आलंय, कडबाकुट्टीला वर्षभर पुरेल.

– एक निवृत्त हवालदार, ता. सातारा