सिनेमाऐवजी ३३ सेकंद

रविवार, रात्री उशिरा

ती. आई-बाबांस व आजीस,

साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा विषय बदलला, म्हणून आता लिहूनच टाकते. बाबा, तुम्ही दर रविवारी ज्याची चौकशी करता तो सिनेमा झालेला नाही. "एडिटिंग चालू आहे" असं मी दोनदा म्हणाले, "लॅबमधून यायचाय" असं एकदा. लॅबमधून येऊन तीन आठवडे झाले. पहिली ३३ सेकंद चित्र दिसतं आणि पुढे सगळं पांढरं.

इथे फिल्म स्कूलच्या पहिल्या वर्षाला आम्हा प्रत्येकाला १६ एमएमचं, म्हणजे १६ मिलिमीटर रुंद फिल्मचं, एकच रीळ मिळतं, १०० फुटांचं. एका फुटात ४० फ्रेम आणि सेकंदाला २४ फ्रेम सरकतात, म्हणजे सगळं मिळून पावणेतीन मिनिटं. ब्लॅक अँड व्हाइट, मूक. आणि नंतर कापाकापी करायची नाही. ज्या क्रमाने पडद्यावर दिसायला हवं त्याच क्रमाने शूट करायचं. कॅमेरा बोलेक्स, चावीचा. आजी, अगदी आमच्या खेळण्यातल्या गाड्यांना असायची तशी चावी. पूर्ण पिळली तरी अर्धा मिनिट चालत नाही, पुन्हा पिळावी लागते. फोनवर तासन् तास व्हिडिओ काढणाऱ्या आमच्यासारख्यांना हे मुद्दाम करायला लावतात. बटण दाबण्याआधी माणूस वीस वेळा विचार करतो, हा त्यातला हेतू. मी वीस वेळा विचार केलाही. घोळ झाला तो बटण दाबून झाल्यावर.

शूटच्या तिसऱ्या दिवशी जिन्यावरचा शेवटून दुसरा शॉट चालू होता. कॅमेरा घरघरत होता तो मधेच थांबला. चावी संपली होती, एवढंच. पण आदल्या रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी शूटवर होते, झोप झालेली नव्हती, आणि डोक्यात बसलं की रीळच संपलं. किती फूट झाले ते दाखवणारा काटा कॅमेऱ्यावर असतो. त्याच्याकडे बघायचं सोडून मी ट्यूबलाइटखाली झाकण उघडलं. भरलेली चकती काढायला गेले तर फिल्म ताणली गेली, चकती बोटांतून निसटली आणि वेटोळी सैल होऊन हातभर खाली लोंबली. दुसऱ्या चकतीवर पंधराएक फूट कोरी फिल्म शिल्लक होती. ती दिसली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तोवर फिल्मवरही पडला होता.

न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की त्यावरचं चित्र जातं, पण अशा वेळी काही फुटत नाही, आवाजसुद्धा होत नाही. म्हणून मला वाटत राहिलं की कदाचित वाचलं असेल. लॅबला पाठवून दोन आठवडे मी त्याच आशेवर होते, आणि त्याच दोन आठवड्यांत तुम्हाला "एडिटिंग चालू आहे" असं सांगितलं. रिळाचा हिशेब असा की शेवटी घेतलेले शॉट बाहेरच्या वेटोळ्यांवर असतात आणि सुरुवातीचे आत. उजेड बाहेरून खात जातो. आतले २० फूट त्याच्या तावडीतून सुटले. त्याच ह्या ३३ सेकंद.

आता त्या ३३ सेकंदांत काय आहे ते नंतर सांगते. आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. "मग वर्षभर तिथे केलंस काय?" असं तुम्ही अजून विचारलेलं नाही, पण हे वाचून विचाराल.

वर्षभर मी सहा सिनेमे केले, सगळे दुसऱ्यांचे. इथे प्रत्येक जण एकदा दिग्दर्शक होतो आणि उरलेल्या वेळी बाकीच्यांचा हमाल. सगळ्यात जास्त केलं ते बूम धरायचं काम. लांब काठीच्या टोकाला माइक, तो नटाच्या डोक्यावर, फ्रेमच्या जरा बाहेर धरायचा. पहिल्या दिवशी मी कोपरं वाकवून धरला आणि तिसऱ्या टेकपर्यंत हात थरथरायला लागले. मग वरच्या वर्गातल्या एकाने दाखवलं की हात डोक्यावर सरळ ताठ ठेवायचे, वजन हाडांवर घ्यायचं, स्नायूंवर नाही. सावली कुठे पडते बघायची, खाली फरशी करकरते का बघायची, आणि संवाद पाठ असायला हवेत. कारण कोण कधी बोलणार हे ठाऊक असेल तरच माइक वेळेवर तिकडे वळतो. एका नटीचे संवाद मला तिच्यापेक्षा पक्के पाठ होते. ती अडली की मी वर माइक धरून ओठ हलवायचे. त्यावरून ओरडाही खाल्ला.

प्रत्येक ठिकाणचं शूट संपलं की पॅकअपआधी साउंडवाला सगळ्यांना थांबवतो आणि त्या जागेची नुसती शांतता रेकॉर्ड करतो, अर्धा मिनिट, कधी मिनिटभर. एडिटमध्ये संवादांच्या मधे जोडायला ती लागते, नाहीतर आवाजात भोकं पडल्यासारखं ऐकू येतं. तेव्हा वीस-पंचवीस माणसं आहेत तशी गोठून उभी राहतात. कुणाच्या हातात वायरचं भेंडोळं, कुणी शिडीवर, कुणी अर्धं जॅकेट चढवलेलं. त्या अर्ध्या मिनिटात मला दर वेळी हसू येतं आणि दर वेळी मी जीभ चावते. आई, लहानपणी तू "एक मिनिट गप्प बसून दाखव" म्हणायचीस, ते आता जमतं.

दोनदा फोकस पुलर होते, म्हणजे नट स्पष्ट दिसावा म्हणून लेन्सचा फोकस सांभाळणारी. कॅमेऱ्याच्या अंगावर एक खूण असते, गोल आणि त्यातून आरपार रेघ. फिल्म आतमध्ये नेमकी तिथे असते. त्या खुणेपासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेपने अंतर मोजायचं. नाकापर्यंत नाही, डोळ्यापर्यंत. कमी उजेडात लेन्स पूर्ण उघडलेली असेल तर नाक स्पष्ट आणि डोळा पुसट असंही होतं. अनोळखी माणसाच्या डोळ्याजवळ टेप नेताना आपण आपोआप श्वास रोखतो, तोही रोखतो. बाबा, तुमच्या कपाटातली जुनी टेप आठवायची.

कंटिन्युइटी एकदाच केली. मागच्या शॉटमध्ये पेला कुठल्या हातात होता, बाही किती वर दुमडली होती, हे लिहून ठेवायचं. पुन्हा कुणी देऊ नये, अशी प्रार्थना.

दिग्दर्शनाच्या मुलांना अभिनयाचा वर्गही सक्तीचा आहे. आजी, "लहानपणापासून नाटकं करतेस, त्याची आता डिग्री कशाला?" हे तुझं वाक्य मी पहिल्याच तासाला मनात म्हटलं. सॅनफर्ड माइझनर नावाचे अभिनयाचे एक मोठे शिक्षक न्यूयॉर्कला होऊन गेले, त्यांचा एक व्यायाम आहे. दोघांनी समोरासमोर बसायचं, एकाने दुसऱ्याकडे बघून जे दिसतं ते म्हणायचं आणि दुसऱ्याने तेच परत म्हणायचं. पुन्हा, पुन्हा. शब्द तेच राहतात, आतलं बदलत जातं. म्हणजे बदलायला हवं. माझं बदलत नव्हतं. "तुझ्या भुवया वर गेल्या आहेत," असं मी इंग्रजीत शाळेत कविता म्हणावी तसं म्हणत होते. बाई म्हणाल्या, तुझ्या भाषेत कर. (इथे शिक्षकांना सगळे सरळ नावाने हाक मारतात. मी तोंडाने नाव घेते आणि मनात बाईच म्हणते.)

समोरच्या मुलाला मराठीचं अक्षर येत नाही. मी म्हणाले, "काय बघतोस रे?" त्याने मोडकंतोडकं "काय बगटोस रे?" केलं. मला हसू आलं, त्यालाही. मग हळूहळू हसू गेलं. पाचव्या-सहाव्या वेळेला माझा आवाज चढला, खरा चढला, कुणावर ते विचारू नका. आणि तो मागे सरकला. अर्थ कळत नसताना सरकला. तास संपल्यावर त्याने विचारलं, ह्यातल्या "रे"चा अर्थ काय? मी दहा मिनिटं समजावत होते. माया असते, दटावणी असते, सलगी असते, कधी यातलं काहीच नसतं. त्याने वहीत काय लिहून घेतलं देव जाणे.

तर ती ३३ सेकंद.

माझी गोष्ट साधी होती. एक मुलगी ऑडिशनला आलीय, जिन्यावर बसून नाव पुकारायची वाट बघतेय, आणि नाव येण्याआधीच उठून निघून जाते. नाचाच्या विभागातली एक मुलगी काम करायला तयार झाली. पहिल्या दिवशी खऱ्या शॉटआधी मी कॅमेरा नीट चालतो का बघायला बटण दाबलं. बोलेक्समध्ये ते सलग चालूवर अडकवता येतं. मी ते अडकवलं आणि लाइटवाल्याशी बोलायला वळले. चावी संपून कॅमेरा थांबला तेव्हा कळलं की २५ सेकंद फुकट गेली. पावणेतीन मिनिटांतली २५ सेकंद! त्या दिवशी मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की बिचारी मुलगीच घाबरली.

वाचली ती नेमकी तीच २५. आणि त्यापुढे खऱ्या पहिल्या शॉटची आठ.

वर्गात सगळ्यांची रिळं एकामागून एक दाखवली. नियम असा की ज्याचं काम त्याने बोलायचं नाही, बाकीचे बोलतात, तो ऐकतो. माझं लागलं. ती मुलगी पायरीवर बसलीय. बुटाची नाडी सुटलीय, ती तिने बोटाभोवती गुंडाळलीय आणि बांधायची विसरलीय. ओठ हलतायत. नाचणारी मुलं मनात एक ते आठ मोजत असतात, तसं काहीतरी. मग वर बघते, कुणी आलं का. कुणी नाही. पुन्हा नाडी. मग चित्राचीच एकदम उडी, पुढचा शॉट. ती ताठ बसलीय, हनुवटीखाली हात, दाराकडे नजर, सुस्कारा. हे मी सांगितलेलं "वाट बघणं". आठ सेकंदांनी कडेने उजेड आत शिरतो, फडफडतो, आणि पांढऱ्यात तिचा हात जरा वेळ पुसट दिसत राहतो.

बाईंनी विचारलं, "पहिल्या शॉटमध्ये तिला माहीत होतं का कॅमेरा चालू आहे?"

नाही, म्हटलं.

"आणि उजेडाने जळालेल्या सगळ्या भागात?"

मी काही बोलले नाही. नियमच होता ना.

त्यानंतर दोन दिवस मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. रीळ जळलं याचं वाईट वाटत होतंच. त्याहून वाईट हे की ते जळलं नसतं तर मी पावणेतीन मिनिटं सुस्कारे दाखवून खूश झाले असते, आणि तुम्हीही कौतुक केलं असतं. एडिटिंगच्या सरांनी जाता जाता थांबवून एक गोष्ट सांगितली. मॉस्कोची सिनेमाशाळा १९१९ सालची, जगातली पहिली मानतात. त्या काळात तिथे कोऱ्या फिल्मचा इतका तुटवडा होता की तिथला दिग्दर्शक आणि शिक्षक लेव्ह कुलेशोव्ह याचे विद्यार्थी फिल्मविना सिनेमे करायचे. म्हणजे शॉट ठरवून, तालमी करून रंगमंचावर करून दाखवायचे, चित्रण शून्य. हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की टोमणा होता, अजून ठरवता आलेलं नाही.

याच कुलेशोव्हचा एक प्रयोग आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. त्याचा विद्यार्थी पुडोव्हकिन याने त्याचं वर्णन लिहून ठेवलंय. एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. तोच तुकडा एकदा सूपच्या ताटलीला जोडला, एकदा शवपेटीतल्या बाईला, एकदा खेळणाऱ्या लहान मुलीला. बघणाऱ्यांना एकाच चेहऱ्यात गहन विचार, दुःख आणि आनंदाचं हलकं हसू दिसलं. बाबा, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही म्हणालात, "खूश दिसतेयस, सिनेमा चांगला झालेला दिसतो." मी तेव्हा नुसती बसले होते. हसलेसुद्धा नव्हते.

म्हणून म्हटलं, आता लिहायलाच हवं.

पुढच्या सत्रात आणखी एक रीळ मिळेल, ते सगळ्यांनाच मिळतं. त्याच मुलीला विचारलंय. ती म्हणाली, "या वेळी कॅमेरा कधी चालू करतेस ते मला सांगू नकोस." पण तिला सांगायचं नाही आणि तरी फोकस मोजायला डोळ्यापर्यंत टेप न्यायची, हे कसं जमवायचं याचा विचार चालू आहे. शनिवारी मात्र पुन्हा दुसऱ्याच्या शूटवर बूम धरायला जायचंय, कॉलशीटवर पहाटे पाचची वेळ आहे. आई, झोप नीट घेते, काळजी करू नकोस. त्या दिवशीचा अपवाद होता. बरं, दोन-तीन अपवाद होते.

३३ सेकंद सोबत पाठवतेय. बाबा, शेजारी कुणाला दाखवायच्या का ते तुम्ही ठरवा. मला आता लाज वाटत नाही, पण तुम्ही त्यांना काय काय सांगून ठेवलंय ते मला माहीत नाही. आजीला फोन हातात धरून दाखवा आणि आधीच सांगा, आवाज येणार नाही. तिने फोन आपटू नये. तो बिघडलेला नाही, ते मूकच आहे.

तुमची,
छकुली