साथीला कोण होतं, हे विचारणाऱ्या भाईंना

भाई,

सलाम आणि नमस्कार.

हे पत्र दुकानात आणून दिलं असतं तर तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून "अरे ताई, पहले चाय पियो" म्हणाला असता आणि कागद तांब्याच्या तारेच्या रिळाखाली गेला असता. तोंडी आभार मानायला गेलं तर तुम्ही विषय बदलता, हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. म्हणून चारचौघांसमोर लिहितेय. आता बदला विषय.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भाई दिवसभर मोटार रिवाइंडिंग करतात. आमच्याकडं मार्चनंतर बोअरचं पाणी खाली गेलं की मोटारी कोरड्या चालतात आणि जळतात. तेव्हा दुकानापुढं मोटारींची रांग असते आणि शेतकरी डोक्यावर बसलेले असतात. अशा दिवसांतही गुरुवारी रात्री नऊला भाई गावच्या कम्युनिटी रेडिओच्या खोलीत हजर. हाताला वार्निशचा वास, काखेत ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांची पेटी. तासभर त्या तबकड्या लावायच्या, असा त्यांचा कार्यक्रम. पगार नाही, मानधन नाही. स्टेशनची पोच जेमतेम दहा-बारा किलोमीटर, म्हणजे शिवार ओलांडलं की आवाज गेला. एवढ्याशा टापूसाठी हा माणूस देवगिरी एक्सप्रेसनं मुंबईला जाऊन चोरबाजारातून तबकड्या आणतो. कधी हैदराबादच्या जुमेरात बाजारातून आणतो. पत्र्याच्या ट्रंकेत वाकळ अंथरून, तबकड्या उभ्या लावून. आडव्या एकावर एक ठेवल्या की खालच्या तडकतात, असं ते सांगतात, आणि रात्रभर रेल्वेत ट्रंक पायाशी धरून बसतात.

तुम्ही लावता ते सगळंच मला आवडतं असं नाही, भाई. तो ढोल-ताशांसारखा वाजणारा जपानी प्रकार तुम्ही तीन गुरुवार लागोपाठ लावला होता, तो परत नको. पण एका तासात तुम्ही नाट्यगीतावरून कव्वालीवर, तिथून शाहिरी डफावर आणि तिथून थेट आफ्रिकेत जाता. आणि कुठंही "आता जरा हलकंफुलकं" किंवा "आता अभिजात" असं म्हणत नाही. हे आवडतं, हे ऐका, एवढंच.

अली फारका तूरे पहिल्यांदा तुमच्याकडंच ऐकला. तुम्ही सांगितलं होतं, माली देशातला गिटारवाला, पण स्वतःला शेतकरीच म्हणायचा. १९९९ चा त्याचा अल्बम त्याच्या नियाफुंके गावातच जनरेटर लावून ध्वनिमुद्रित केला. गाण्याचा पैसा त्यानं गावातल्या शेतीच्या पाण्यात घातला आणि शेवटी तो त्या गावचा महापौर झाला. बाजरी तिथंही मुख्य पीक. दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारचे काका किराणा दुकानात विचारत होते, "त्या बाजरीवाल्याचं गाणं परत कधी लागणार?" गिटार हा शब्द त्यांना आठवला नाही, बाजरी आठवली.

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. ते आबांचं.

माझे वडील, आबा, पन्नासेक वर्षं पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवायचे. भजनी मंडळात, सप्त्यात, कीर्तनात, लग्नाच्या आदल्या रात्रीच्या गाण्यात. सप्त्याच्या पत्रिकेवर कीर्तनकार महाराजांचा फोटो फेट्यासकट, त्याखाली गायनाचार्य, त्याखाली मृदंगाचार्य, त्याखाली अन्नदाते सविस्तर, आणि अगदी तळाला जागा उरली तर "साथसंगत : भजनी मंडळ". आबांनी याबद्दल कधी तक्रार केली नाही. पण पत्रिका आली की ते पहिल्यांदा तळाला बघायचे, हे मी लहानपणापासून पाहिलंय.

मग बोटं आखडली. सांधे सुजायला लागले, भाता ओढताना खांदा धरायचा. सप्ते बंद झाले. पेटी कपाटावर गेली आणि आबा टीव्हीपुढं. टीव्हीवर काय चाललंय याच्याशी त्यांचा काही संबंध नसायचा.

तुमचा कार्यक्रम मी शिलाई करता करता लावायचे, आबा पलीकडं ओसरीवर. एका गुरुवारी तुम्ही कुठलीशी जुनी ठुमरी लावलीत आणि संपल्यावर म्हणालात, "बाईंच्या मागं पेटी ऐकू आली ना? कोण वाजवत होतं, लेबलवर नाव नाही. पण हात गोड हाय. परत एकदा लावतो, या वेळेला फक्त पेटी ऐका." आणि खरंच परत लावलीत. आबा ओसरीवरून उठून आत आले, रेडिओच्या जवळ खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, "शिलाईयंत्र बंद कर."

नंतर कळलं की तुम्ही हे नेहमीच करता. तबकडी सुरू होण्याआधी लेबल वाचता: गायक, राग, कंपनी, नंबर. आणि मग, "साथीला कोण, लिहिलेलं नाही." दर वेळेला. एखाद्या तबकडीवर तबलजीचं नाव सापडलं तर तुमचा आवाज असा चढतो की बक्षीस लागलंय. ते जुने पुढारी, कवी, नट यांच्या आठवणी सांगणारे कार्यक्रम पुष्कळ असतात. सारंगीवाल्याचं नाव नाही म्हणून हळहळणारा माणूस मी दुसरा ऐकला नाही.

ऐकणाऱ्यांना तुम्ही त्याचं कारणही सांगितलंत. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, त्याआधी सगळे एका कर्ण्यात तोंड घालून गायचे. गाणारी बाई कर्ण्याच्या तोंडाशी, साथीदार मागं, कारण तबला जवळ आणला तर सुई उडायची. म्हणून जुन्या तबकड्यांत पेटी शेजारच्या खोलीत वाजल्यासारखी येते. गायिका गौहर जान यांनी १९०२ साली कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं आणि गाण्याच्या शेवटी त्या ठणकावून सांगतात, "माय नेम इज गौहर जान." तबकड्या छापायला जर्मनीत जायच्या, तिथल्या माणसांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून. हे ऐकून आबा म्हणाले, "मग पेटीवाल्यानंबी वरडायचं होतं की. कामून गप बसला?"

आणि मग तो फोन. रात्री साडेनऊला, कार्यक्रम चालू असताना. मी नको नको म्हणत असताना आबांनी स्टेशनला फोन लावला आणि म्हणाले, "तुमचं रेकाड पळायलंय."

दुसऱ्या कुणी असतं तर "धन्यवाद, ऐकत रहा" म्हणून फोन ठेवला असता. तुम्ही विचारलंत, "कितना भाग रई, आबा?"

आबांचं म्हणणं सोपं होतं. बाईंचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या काळी चार आणि पांढरी सहा या शेजारशेजारच्या पट्ट्यांच्या मधे अडकलाय. गळा मधे अडकू शकतो, सारंगीही, पण मागं पेटी आहे आणि पेटीला दोन पट्ट्यांच्या मधे जागाच नसते. म्हणजे तबकडी चुकीच्या वेगानं फिरतेय. तुमचं म्हणणं होतं की जुन्या पेट्या सगळ्या एकाच सुरात लावलेल्या नसायच्या, तेव्हा पेटीचा पुरावा पक्का नाही. त्यावर आबा म्हणाले, गळाही ऐका, बाई चिमणीगत गायलीय, बाई अशी गात नसते.

दोघंही बरोबर होता, हे मला नंतर तुमच्याकडूनच कळलं. आपण सरसकट अठ्ठ्याहत्तरची तबकडी म्हणतो, पण सुरुवातीच्या काळात कुणी मिनिटाला ७८ फेरे असे काटेकोर धरलेलेच नव्हते. कुठली ७४ वर, कुठली ८० वर. ७४ वर भरलेली तबकडी ७८ वर वाजवली की सूर जवळजवळ एका पट्टीनं चढतो आणि लयही पळते. पुढच्या गुरुवारी तुम्ही रिक्षा पाठवलीत आणि आबांना स्टेशनवर नेलंत.

मी सोबत होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. तुमच्या तबकडीयंत्राला तुम्ही स्वतः वेगाची खुंटी बसवलीय, मोटारवाल्याला काय अवघड. आधी तुम्ही ताटलीवर कागदाची एक चकती ठेवलीत, कडेनं काळ्या रेघा आखलेली. वर जुनी चोकवाली ट्यूबलाइट. आपल्याकडची वीज पन्नास सायकलची, त्यामुळं ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. चकतीवर ७७ रेघा असल्या आणि ताटली नेमकी ७८ च्या आसपास फिरली की रेघा जागेवर थांबल्यासारख्या दिसतात. जोरात फिरली तर पुढं सरकतात, हळू फिरली तर मागं. एलईडीखाली हे नीट जमत नाही म्हणून ती जुनी ट्यूब तुम्ही जिवापाड जपता. आबा वाकून त्या रेघांकडं बघत राहिले. मग तुम्ही चकती काढून तबकडी लावलीत, खुंटीवर त्यांचा हात ठेवलात आणि म्हणालात, "अब आप बोलो."

आबांनी आखडलेल्या दोन बोटांनी खुंटी अगदी थोडी थोडी मागं घेतली. सूर उतरत उतरत काळी चारवर आला. बाईंचा आवाज एकदम भरला. पोरीचा होता, तो बाईचा झाला. तबल्याचा ठेका जागेवर बसला. आबा म्हणाले, "बस. हितं." तुम्ही म्हणालात, "हौ, हितंच."

त्या रात्रीपासून आबा गुरुवारचे नोकरदार झालेत. दुपारी चारपासून धुतलेला सदरा घालून बसतात. आल्यावर तुम्हाला शिव्या देतात, की भाईचा कान मोटारीच्या आवाजानं गेलाय. तुम्ही त्यांना म्हणे सांगता की आबांची काळी चार म्हणजे सप्त्यातल्या पेटीची काळी चार. चालू द्या.

तुम्ही त्यांना आणखीही कामं लावलीत. ठेवणीतल्या तबकड्या पुसायचं काम आता त्यांचं. पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलंत की लाखेच्या तबकडीला स्पिरिट नक्को, लाख विरघळते. गाळीव पाणी, थेंबभर साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं ठेवायचं. घरी येऊन त्यांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेत तबकडी पुसू शकेन. ती वहीसुद्धा त्यांच्याकडं आहे, कुठली तबकडी कुठल्या साली आली ते लिहायची. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी सुटतो, पण गीत लिहिणाऱ्याचा आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणून कुठली लावायची तर कुणाला विचारायचं, हे तुम्ही काटेकोर बघता. फुकट काम करणारा माणूस एवढा नियमाचा पक्का, याचं मला नवल वाटतं.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. तरुणपणी परभणी केंद्रावर वाजवायला जायचं आबांच्या मनात होतं, तेव्हा कुणी तरी सांगितलं, तुझं वाद्य तिथं चालत नाही. पुढं बंदी उठली, पण तोवर घर, शेती, आम्ही. हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते तुमच्या स्टेशनवरून परतताना, रिक्षात. आणि वर म्हणाले, "तीस वरीस पेटीला दार बंद व्हतं. आता मी आत बसतो अन् कुणाला घ्यायचं ते मी ठरवतो." असलं काही ते ठरवत नाहीत, हे तुम्हाला-मला माहीत आहे. त्यांना सांगू नका.

आणि कार्यक्रमाच्या शेवटी तुम्ही जे म्हणता त्याबद्दल. "आजच्या तबकड्यांचा वेग आबांच्या कानानं." पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखायला म्हणाला असाल. पण तुम्ही दर गुरुवारी म्हणता. आबा नसतात त्या गुरुवारी म्हणता, "आज वेग माझाच, चूकभूल माफ." भाई, पन्नास वर्षांत कुठल्या पत्रिकेनं त्यांचं नाव असं घेतलं नाही. गावात आता त्यांना लोक विचारतात, "आबा, या गुरुवारी काय?" बँकेतला पोरगा विचारतो. ज्या मंडळाच्या पत्रिकेत साथसंगत तळाला असायची त्यातले एक जण परवा घरी येऊन गेले, जुन्या पेटीचा भाता दुरुस्त करायला आबा कुणाचं नाव सांगतील का म्हणून. आबांनी त्यांना तासभर बसवून घेतलं.

त्याचे हे आभार. माझे, आईचे, आणि न बोलता आबांचेही. त्यांना हे पत्र वाचून दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, की पट्टीचा भाग बरोबर लिहिलाय का ते भाईला विचार.

तुमची,
पलीकडच्या गल्लीतली शिलाईवाली ताई

ता. क. : आबा म्हणतात, केसरबाई केरकरांचं जे गाणं १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेलं, ते या गुरुवारी मिळालं तर लावा. तबल्यावर कोण होतं ते आधी शोधून ठेवा, नाही तर ते तुम्हाला तिथंच, चालू कार्यक्रमात विचारणार आहेत. आणि आमच्या बोअरची मोटार परत घरघर करतीय. गुरुवार सोडून कधीही या.