केमिस्ट्री सेटच्या आधी हळद आणा

संपादक महोदय,

शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केल्यामुळे सुट्टी लागली की ओळखीचे पालक मला विचारतात, ‘मुलीसाठी केमिस्ट्री सेट कोणता घेऊ?’ मी सांगतो, आधी हळद आणा. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला गाळणकागद चुन्याच्या निवळीत लाल होतो, त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. जास्वंदीचा अर्क आम्लात गुलाबी-लाल, तर साबणाच्या पाण्यात हिरवट दिसतो. घरातले व्हिनेगर, खायचा सोडा, ताक, सगळे तपासू द्या आणि दरवेळी वहीत नोंद करायला लावा.

मग तुरटीचे स्फटिक. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची, द्रावण निवल्यावर दोऱ्याला बांधलेला छोटा खडा त्यात सोडायचा आणि भांडे हलवायचे नाही. मुलांना हे थांबणेच फार जड जाते.

मोरचूद त्यानंतरच, तेही मोठ्यांसमोर. त्याच्या निळ्या द्रावणातल्या लोखंडी खिळ्यावर तांबे चढताना पाहून मुले हरखतात, पण मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी नकोत, डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. संडास धुण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीच एकत्र करू नये, क्लोरीन वायू सुटतो.

सेट विकणाऱ्यांनी बाटल्यांवरच्या सूचना मराठीतही छापाव्यात आणि शाळांनी सुट्टीत आठवड्यातून एक दुपार तरी प्रयोगशाळा उघडी ठेवावी, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, सातारा