वार्षिक सुमो अंदाज-अजिंक्यपदाच्या संयोजकांस आभारपत्र

आदरणीय संयोजक महोदय,

स. न. वि. वि.

सुमोच्या ऑनलाइन अंदाजखेळांचे वार्षिक अजिंक्यपद आपण अनेक वर्षे कोणतेही मानधन न घेता चालवत आहात. आपले आभार मी खासगीत मानले आहेतच; परंतु हे काम नेमके काय असते याची मराठी वाचकांना कल्पना यावी आणि आपले ऋण चारचौघांत मान्य करावे, अशा दुहेरी हेतूने हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

जपानमध्ये वर्षभरात सहा मोठ्या सुमो स्पर्धा होतात. जानेवारी, मे आणि सप्टेंबरमध्ये तोक्योला, मार्चमध्ये ओसाकाला, जुलैमध्ये नागोयाला आणि नोव्हेंबरमध्ये फुकुओकाला, प्रत्येकी पंधरा दिवस. सर्वोच्च श्रेणीत म्हणजे माकुउचीत बेचाळीस मल्ल असतात. त्यांच्यावर आधारलेले खेळ नाना तऱ्हांचे आहेत. एखाद्या खेळात रोजच्या जोडींपैकी कोण जिंकेल ते सांगायचे असते, दुसऱ्यात स्पर्धेपूर्वीच आपला संघ निवडून पंधरा दिवस त्याच्या भरवशावर राहायचे असते, तर तिसऱ्यात स्पर्धा संपल्यावर पुढचे बान्झुके, म्हणजे क्रमवारीपत्रक, कसे लागेल याचा अंदाज बांधायचा असतो. या सर्वांच्या गुणपद्धती इतक्या वेगळ्या आहेत की त्यांची सरळ बेरीज करणे निरर्थक ठरले असते. आपण प्रत्येक खेळातील गुणांऐवजी त्यातील स्थान विचारात घेता आणि सहाही स्पर्धांमधील स्थानांवरून वर्षाची तालिका तयार करता. ही पद्धत ऐकायला साधी वाटते. पण खेळाडूंनी बदललेली नावे, उशिरा आलेल्या नोंदी आणि बरोबरीत सुटलेली स्थाने यांचा मेळ घालणे किती किचकट असते, हे आपण जाहीर केलेला एखादा तक्ता सावकाश वाचल्यावर ध्यानात येते.

वर्षाचा असा स्वतंत्र हिशेब हवाच कशाला, असे काहीजण विचारतात. त्यांना मी हाकुहो या मल्लाच्या 2009 सालच्या कामगिरीचे उदाहरण देतो. त्या वर्षी त्याने 90 पैकी 86 लढती जिंकल्या, तरी सहापैकी विजेतेपदे मात्र तीनच मिळाली; जानेवारी आणि सप्टेंबरमध्ये आसाशोर्यूकडून, तर मेमध्ये हारुमाफुजीकडून तो बरोबरीनंतरच्या निर्णायक लढतीत हरला. विजेतेपदांची यादी वाचणाऱ्याला ते वर्ष बरे वाटेल, पण वर्षाची बेरीज पाहणाऱ्याला ते अचाट वाटेल. आपल्या तालिकेमुळे आम्हा हौशी मंडळींनाही हाच न्याय मिळतो. एखाद्या स्पर्धेत नशिबाने पहिला आलेला खेळाडू आणि सहाही स्पर्धांत सातत्याने वरच्या स्थानांवर राहिलेला खेळाडू यांच्यातला फरक तिथे स्पष्ट दिसतो.

आपल्याविषयीचा आदर सर्वांत वाढला तो मार्च 2024 च्या ओसाका स्पर्धेत. माएगाशिरा (माकुउचीतील सर्वांत खालचा दर्जा) 17 या तळाच्या क्रमांकावरून माकुउचीत प्रथमच उतरलेला ताकेरुफुजी आघाडीवर होता, आणि पदार्पणातच विजेतेपद मिळवण्याची घटना तब्बल 110 वर्षांत घडलेली नव्हती. चौदाव्या दिवशी आसानोयामाविरुद्ध हरताना त्याचा उजवा घोटा दुखावला आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. शेवटच्या दिवशीची त्याची जोड गोनोयामाशी लागली होती. पण तो मैदानात उतरणार की माघार घेणार, हे रात्रीपर्यंत कोणीच सांगू शकत नव्हते. प्रतिस्पर्धी आलाच नाही तर न लढता मिळालेला विजय धरायचा की वगळायचा, याविषयी निरनिराळ्या खेळांचे नियम निरनिराळे आहेत. वार्षिक तालिकेवर याचा मोठा परिणाम होणार असल्याने सर्वांसाठी एकच नियम आत्ताच ठरवावा, अशी मागणी त्या संध्याकाळी जोर धरू लागली. आपण मोजक्या ओळींत उत्तर दिले: ज्या खेळाचा जो नियम वर्षारंभी जाहीर झाला आहे तोच चालेल, वार्षिक तालिका त्यात हात घालणार नाही. दुसऱ्या दिवशी ताकेरुफुजी आला, लढला, जिंकला आणि 13-2 अशा कामगिरीने विजेता ठरला, त्यामुळे वाद आपोआप मिटला. पण निकाल कोणाच्या पथ्यावर पडेल हे माहीत नसतानाच आपण ते उत्तर दिले होते, याचे मला अधिक मोल वाटते. (माझ्या संघात ताकेरुफुजी नव्हता, तेव्हा हे तटस्थपणे लिहीत आहे असे मानावे.)

2020 साली साथीमुळे मे महिन्याची स्पर्धा रद्द झाली आणि जुलैची स्पर्धा नागोयाऐवजी तोक्योत भरली, तेव्हाही आपण सरासरी काढण्याच्या फंदात न पडता पाचच स्पर्धांची बेरीज धरली. त्यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही. तेच योग्य होते.

वैयक्तिक ऋण मात्र बान्झुकेच्या खेळाचे आहे. पत्रकात एकाच क्रमांकावर सहसा पूर्व आणि पश्चिम अशा बाजूंना दोन मल्ल असतात, त्यांत पूर्वेचा अर्ध्या पायरीने वरचा; त्या खेळात मल्लाचे स्थान बाजूसह अचूक ओळखले तर दोन गुण आणि क्रमांक बरोबर पण बाजू चुकली तर एक गुण मिळतो. जपानी न येणाऱ्या माझ्यासारख्या नवख्याला हे गणित उलगडत नव्हते. एकाच स्थानावरून 8-7 अशी सारखीच कामगिरी केलेला मल्ल एकदा दोन पायऱ्या वर का जातो आणि दुसऱ्यांदा अर्धीच पायरी का चढतो, असे मी विचारले होते. आपण एका जुन्या स्पर्धेचे पत्रक घेऊन, वरून कोण घसरले, त्यामुळे कोणत्या जागा रिकाम्या झाल्या आणि त्या जागांवर आणखी कोणाचा दावा होता, हे ओळीओळीने दाखवले. मल्लाची बढती त्याच्या शेजाऱ्यांच्या निकालांवरही अवलंबून असते, हे मला त्या उत्तरातून कळले. आता स्पर्धा संपली की रविवारी संध्याकाळी मी कागदावर दोन रकाने आखून, आधी घसरणाऱ्यांना जागा देऊन मग चढणाऱ्यांना बसवतो. कुस्तीच्या फडात जोडी लावणाऱ्या पंचांभोवती लहानपणी घुटमळलेल्या माणसाला हे काम किती प्रिय होऊ शकते, ते मी आपल्याला वेगळे सांगायला नको.

माकुउचीच्या लढती भारतीय वेळेनुसार दुपारी साडेबाराच्या पुढे सुरू होतात, त्यामुळे त्या पाहायच्या तर जेवणाच्या सुट्टीतच. पण संध्याकाळचा वेळ माझ्याकडे मोकळा असतो. जानेवारीच्या स्पर्धेपासून दुय्यम श्रेणीवरील खेळांच्या निकालांची पडताळणी माझ्यावर सोपवल्यास ती मी त्याच रात्री पूर्ण करून आपल्याकडे पाठवीन. आपण होकार द्यावा, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
पुण्याचा एक स्पर्धक