झाड धोकादायक आहे हे ठरवणार कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मे महिना लागला की ठाणे-मुंबईच्या सोसायट्यांत पावसाळ्याआधीच्या छाटणीचा विषय निघतो. सभेत एक जण म्हणतो, "तो गुलमोहर काढूनच टाका, गाड्यांवर पडेल." दुसरा म्हणतो, "इतकी वर्षे उभा आहे, काही होत नाही." दोघांपैकी कुणीही बुंध्याजवळ जाऊन वाकून पाहिलेले नसते. मग कंत्राटदाराची माणसे कोयते आणि दोर घेऊन येतात, हाताला लागेल तेवढे छाटतात आणि निघून जातात. कनिष्ठ महाविद्यालयात अनेक वर्षे जीवशास्त्र शिकवलेली मी एक निवृत्त शिक्षिका आहे. या छाटणीने झाडे सुरक्षित होत नाहीत, काही तर आणखी धोकादायक होतात, म्हणून हे पत्र.

झाड पाहायचे ते खालून. बहुतेकांची नजर आधी शेंड्याकडे जाते आणि पाने हिरवीगार दिसली की झाड ठणठणीत आहे असे वाटते. पण पाणी वर नेणारे लाकूड सालीच्या लगत, बाहेरच्या थरात असते. आतला गाभा कुजला तरी पालवी येत राहते, फुलेही येतात. पडलेल्या झाडाभोवती जमलेली माणसे "एवढे हिरवे झाड पडलेच कसे?" असे विचारतात, त्याचे उत्तर यात आहे. मुळांच्या जवळ, बुंध्याच्या तळाशी टणक, तपकिरी, अर्धगोल आणि कडेला पांढरट अशी बुरशी फळीसारखी बाहेर आलेली दिसली, तर ती सहसा गॅनोडर्मा असते. शहरातल्या जुन्या गुलमोहरांवर ती पुष्कळदा दिसते. ती बाहेर दिसेपर्यंत आतली कूज बरीच पुढे गेलेली असते. अशी बुरशी खरवडून काढल्याने काहीही होत नाही. ती दिसली त्याच दिवशी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवावे.

कललेल्या झाडाबद्दलही गैरसमज आहेत. उजेडासाठी लहानपणापासून एका बाजूला झुकलेले आणि पुढे शेंडा सरळ वर वळलेले झाड कित्येक दशके नीट उभे राहते. भीती अचानक कललेल्या झाडाची. त्याच्या एका बाजूची माती उचललेली असते, तिला भेगा पडलेल्या असतात, कधी फरशीच वर आलेली असते. असे दिसले तर खालच्या गाड्या हलवाव्यात, मुलांना तिथे जाऊ देऊ नये आणि वाट न पाहता फोन करावा. मुंबईत आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक आहे, इतर शहरांत अग्निशमन दलाचा १०१.

वर पाहायचे ते यानंतर. वाळलेल्या किंवा तुटून अडकून राहिलेल्या फांद्या, इंग्रजी व्हीसारख्या अरुंद बेचक्यात मधोमध गेलेली चीर, आंब्याच्या खोडावर भिरुडाने पाडलेली भोके आणि खाली सांडलेला भुसा, फांदीवर माजलेले बांडगूळ. यातले काहीही ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. जमिनीवर उभे राहून, दुर्बीण असेल तर दुर्बिणीने, घरातली कुणीही व्यक्ती हे पाहू शकते.

नारळाचे मात्र वेगळे आहे. त्याच्या खोडाला आंब्या-फणसासारखी जखम भरून काढता येत नाही, कारण तसा वाढता थरच त्याच्यात नसतो. खोडाला पडलेल्या भोकांतून तांबूस चिकट रस ओघळत असेल आणि चघळल्यासारखे तंतू बाहेर येत असतील, तर आत सोंड्या भुंग्याच्या अळ्या आहेत असे समजावे. जुलै २०१७ मध्ये चेंबूरला सकाळी चालायला निघालेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळले आणि त्यांचा जीव गेला. त्या घटनेनंतर काही दिवस सगळीकडे नारळाकडे माना वर करून पाहिले गेले, पुढे ते थांबले.

झाडे पडतात ती वाऱ्याने, हे खरे आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाच्या वाऱ्याचा वेग कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेला होता, त्या दिवशी मुंबईत शेकडो झाडे आडवी झाली. पण वारा शेवटचा धक्का देतो. त्याआधीची तयारी आपण केलेली असते. झाडाची बरीचशी मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांतच असतात आणि पानांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यावर आपण पेव्हर ब्लॉक बसवतो, बुंध्याला चिकटून काँक्रीट ओततो, केबलसाठी आणि गटारासाठी चर खणताना हाताएवढी जाड मुळे तोडून टाकतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली होती. आपल्याकडच्या किती रस्त्यांवर अशी मोकळी जागा दिसते? वडाच्या पारंब्या तर लोक पार्किंगच्या आड येतात म्हणून कापतात. जमिनीत उतरलेली पारंबी पुढे खांबासारखी होऊन त्या जड फांदीला तोलते. तो आधार काढून घ्यायचा आणि फांदी मोडली की झाडाला दोष द्यायचा, हे मला फार अन्यायाचे वाटते.

आता छाटणीबद्दल, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. झाडाचा शेंडा उडवून नुसते ठोंब ठेवले की ते घाबरून भराभर धुमारे फोडते. हे धुमारे आतून उगवलेले नसतात, सालीच्या लगत वरवर चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांत ते मनगटाएवढे जाड होतात, त्यांच्याखालचा ठोंब तोवर कुजलेला असतो आणि जोराच्या पावसात ते सोलून निघतात. एकाच बाजूच्या फांद्या उतरवल्या की तोलही जातो. फांदी काढायचीच असेल तर ती खोडाला मिळते तिथली फुगीर कड राखून कापावी लागते. आधी खालून थोडी चीर, मग त्याच्या थोडे पुढे वरून कापून वजन उतरवायचे, शेवटी उरलेला तुकडा त्या कडेलगत. असे केले नाही तर फांदी स्वतःच्या वजनाने खोडाची साल ओरबाडत खाली येते. आणि ढोलीत सिमेंट भरू नका. कित्येक देवळांच्या पारांवर श्रद्धेने आणि काळजीने हे केलेले दिसते, पण त्याने ओल आत कोंडते आणि कूज वाढते.

ढोली असली म्हणजे झाड धोकादायक, असेही नाही. बाहेरचे लाकूड पुरेसे जाड आणि घट्ट असेल तर पोकळ झाड उत्तम टिकते. येऊरच्या जंगलातल्या वाळक्या खोडात तांबट, पिंगळे, पोपट राहतात, ते तोडण्याचे काही कारण नाही. तेच खोड शाळेच्या फाटकावर असेल तर प्रश्न वेगळा. झाड किती कमकुवत आहे आणि त्याच्याखाली कोण असते, हे दोन्ही मिळून धोका ठरतो. बाहेरचे लाकूड किती उरले आहे, हे मात्र आपल्या नजरेने कळत नाही. इथे जाणकार माणूस लागतो. तो लाकडी हातोडीने बुंधा ठोकून आवाज ऐकतो, ढोलीत सळई घालून खोली मोजतो, गरज पडली तर ध्वनिलहरींच्या यंत्राने आतली पोकळी पाहतो. बऱ्याचदा तो सांगतो की दोन फांद्या उतरवा, मुळांभोवतीची फरशी काढा, झाड राहू द्या. झाड विजेच्या तारांना टेकले असेल तर तोही हात लावत नाही. वीज कंपनीला १९१२ वर कळवून आधी पुरवठा बंद करून घ्यावा लागतो. बांबूला कोयता बांधून तारांजवळची फांदी तोडणारे रहिवासी मी पाहिले आहेत, त्यांना हात जोडून विनंती आहे की हे करू नका.

परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडे जतन कायद्यामुळे बहुतेकांना माहीत आहे. त्याच कायद्याने दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे कामही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणावर सोपवले आहे. या गणनेत प्रत्येक झाडाच्या नोंदीत प्रकृतीचा एक रकाना असावा : बुंध्याची स्थिती, बुरशी, कल, मुळांवरचे काँक्रीट. सोसायटीचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने प्रशिक्षित माणूस पाठवावा. त्याने लेखी अहवाल द्यावा, तो वृक्ष प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर सर्वांना वाचता यावा. परवानगी नाकारली तर कोणत्या पाहणीवरून, आणि दिली तर कोणत्या कारणासाठी, हे त्यात असावे. छाटणीच्या निविदेतही एक अट घालावी : प्रशिक्षण घेतलेला पर्यवेक्षक झाडाखाली उभा असल्याशिवाय करवत चालणार नाही, आणि शेंडा उडवलेल्या झाडाचे पैसे कंत्राटदाराला मिळणार नाहीत. महापालिकेच्या उद्यान विभागाने यावर आपल्याच दैनिकातून उत्तर द्यावे, अशी माझी अपेक्षा आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे